एक अक्षर, बारा उच्चार

हिवाळा आला की जपानच्या बाजारांत कालवांची पाकिटे मांडली जातात. कोकणात आणि गोव्यात कालवांची चव ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती पाहून आनंदच होईल. परंतु ही पाकिटे दोन प्रकारची असतात. आतील कालवे वरवर सारखीच दिसतात; फरक असतो तो वेष्टनावर छापलेल्या तीन अक्षरांत. एका पाकिटावर 'सेईशोकुयो' असे लिहिलेले असते, म्हणजे कच्चे खाण्यासाठी. दुसऱ्यावर 'कानेत्सुयो' असे असते, म्हणजे शिजवून खाण्यासाठी. जपानी लोक कालवे कच्चीही खातात. मात्र त्यासाठीची कालवे ठरावीक स्वच्छ पाण्यातून काढलेली किंवा शुद्ध पाण्यात ठेवून निर्मळ केलेली असतात. दुसऱ्या पाकिटातील कालवे कुणी अजाणतेपणी कच्ची खाल्ली तर पोटाच्या दुखण्याने अंथरूण धरण्याची पाळी येते.

नव्याने त्या देशात गेलेल्या माणसाला ही सहाही अक्षरे येत नसली तरी चालेल. पहिल्या पाकिटावरील पहिले अक्षर जरी त्याने ओळखले, तरी त्याचा निभाव लागतो. आणि गंमत अशी की त्या अक्षराचा उच्चार त्याला ठाऊक नसला तरीही काही बिघडत नाही. 'हे कच्च्याचे चिन्ह' एवढे डोळ्यांनी जाणले की पुरे. कानाला जे कळत नाही ते डोळ्याला कळते, हीच या लेखनपद्धतीची पहिली ओळख.

या लेखनचिन्हांना जपानी लोक 'कांजी' म्हणतात. कपड्यांना लावायच्या किंवा आजाऱ्याला पाजायच्या कांजीशी या शब्दाचे काही नाते नाही. 'कान' म्हणजे चीनचे प्राचीन हान घराणे आणि 'जी' म्हणजे अक्षर. चीनमधून आलेली अक्षरे, एवढाच त्याचा अर्थ. जपानी सरकारने २०१० साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या नित्य वापराच्या यादीत अशी २,१३६ अक्षरे आहेत. त्यांपैकी १,०२६ अक्षरे प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवली जातात आणि पहिल्या इयत्तेच्या वाट्याला ८० येतात. कालवांच्या पाकिटावरील ते अक्षर या ८० मध्येच आहे. सहा वर्षांचे मूल ते गिरवते. तरीही अधिकृत यादीने त्याला एकूण १२ उच्चार दिले आहेत. परदेशी विद्यार्थी हा आकडा ऐकूनच हबकतो. एका अक्षराचे बारा उच्चार कसे असू शकतात आणि ते शिकावेत तरी कसे, याचा उलगडा या एका अक्षराच्या आधारे चांगला होतो.

प्रथम त्याचे रूप पाहू. ते पाच रेघांचे आहे. कागदावर डावीकडे वर एक छोटी तिरकी रेघ खाली डावीकडे ओढावी. तिच्या मधूनच निघणारी एक आडवी रेघ उजवीकडे न्यावी. मग त्या आडव्या रेघेच्या थोडे वरून सुरू होणारी एक उभी रेघ सरळ खाली आणावी. त्या उभ्या रेघेवर मध्यभागी दुसरी आडवी रेघ काढावी आणि शेवटी पायथ्याशी तिसरी, सर्वांत लांब आडवी रेघ ओढून अक्षर पुरे करावे. रेघांचा हा क्रम जपानमध्ये ठरलेला आहे आणि शाळेत तो काटेकोरपणे शिकवतात. कारण क्रम हाताला बसला म्हणजे रूप विसरत नाही. आपल्याकडे पाटीवर 'श्री' गिरवून घेणारे गुरुजी वळणाबद्दल जो आग्रह धरीत, तोच हा आग्रह होय.

या आकृतीचा मूळ अर्थ चिनी लोकांनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या लेखनात चितारून ठेवला आहे. जमिनीतून वर येणारा कोंब, असे ते चित्र आहे. पायथ्याची लांब रेघ म्हणजे जमीन आणि वरचा भाग म्हणजे अंकुर. एवढे एक चित्र मनात ठेवले की अक्षराचे सारे अर्थ त्यातून फुटू लागतात. कोंब वर येतो म्हणजे उगवणे. उगवणे म्हणजे जन्मणे. जन्मलेले जगते, म्हणून जगणे. आणि ज्याला अजून विस्तवाने स्पर्श केलेला नाही, ज्यावर माणसाच्या हाताने संस्कार केलेला नाही, ते आपल्या मूळच्या स्थितीत राहिलेले असते, म्हणून कच्चे. मराठीत न तापवलेल्या दुधाला 'निरसे' दूध म्हणतात; त्या निरसेपणाचा भावही या अक्षरात आहे. जन्म, जीवन, उगवण आणि कच्चेपणा हे चार वेगळे अर्थ नव्हेत. एकाच कोंबाची ती चार पाने आहेत.

आता उच्चारांकडे वळू. एका चिन्हाला अनेक उच्चार असणे ही वाटते तितकी अद्‌भुत गोष्ट नाही. आपण ती रोज करतो, फक्त आपल्या ध्यानात येत नाही. '२' हा आकडा घ्या. इंदूर-ग्वाल्हेरच्या बाजारात शेजारचा हिंदी भाषक तो 'दो' वाचतो. बडोद्यात गुजराती दुकानदार त्यालाच 'बे' म्हणतो. बेळगावात कानडी माणूस 'एरडु' म्हणतो, तर हैदराबादेत तेलुगू माणूस 'रेंडु' म्हणतो. लिपीप्रमाणे वळण थोडे बदलेल, पण आकडा तोच, अर्थ तोच. उच्चार मात्र ज्याच्या त्याच्या भाषेचा. याचे कारण उघड आहे. आकडा ध्वनी लिहीत नाही, तो अर्थ लिहितो. कांजीची अक्षरेही मुख्यतः अर्थ लिहितात. म्हणून प्रस्तुत अक्षराला आजच्या उत्तर चिनी भाषेत 'शंग', कोरियन भाषेत 'सेंग' आणि व्हिएतनामी भाषेत 'सिन्ह' असे निरनिराळे उच्चार आहेत.

परंतु जपानी भाषेत एक गुंतागुंत अधिक आहे. तेथे एकाच भाषेत, एकाच माणसाच्या तोंडी, एका चिन्हाचे दोन कुळांतील उच्चार नांदतात. हे समजण्यासाठी मराठीतील 'जल' आणि 'पाणी' हे शब्द आठवावेत. घरात आपण पाणी मागतो, जल मागत नाही. पण शास्त्राच्या पुस्तकात जलाशय, जलचर, जलप्रवाह असे जोडशब्द येतात; तेथे पाणी हा शब्द चालत नाही. समजा, मराठीत पाण्यासाठी एकच चिन्ह असते आणि ते सुटे आले की 'पाणी' व जोडशब्दात आले की 'जल' असे वाचायचे असते, तर मराठी वाचक हे दोन उच्चार आपोआप, न चुकता निवडील. जपानी वाचक नेमके हेच करतो. चिनी लोकांकडून अक्षर घेताना त्याने चिनी शब्दही घेतला आणि त्याच अक्षरावर आपला मूळचा घरगुती शब्दही बसवला. चिनी वंशाच्या उच्चाराला 'ओन' म्हणतात आणि घरच्या उच्चाराला 'कुन' म्हणतात. पाण्याच्या अक्षराचा ओन 'सुई' आहे आणि कुन 'मिझु'.

आपल्या अक्षराच्या बारा उच्चारांपैकी दोन ओन आहेत आणि दहा कुन. दोन ओन का, याचेही उत्तर इतिहासात आहे. चिनी विद्या जपानमध्ये एकदाच आली नाही. पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास कोरियाच्या वाटेने दक्षिण चीनमधील उच्चार आले आणि त्यांबरोबर बौद्ध धर्मग्रंथही आले. त्या काळचा उच्चार 'शो'. पुढे इ. स. ६३० पासून नवव्या शतकापर्यंत जपानी वकील आणि विद्यार्थी तांग सम्राटांच्या दरबारी जात राहिले आणि राजधानीत त्यांनी ऐकलेले नवे उच्चार घेऊन परतले. त्या काळचा उच्चार 'सेई'. नवा आला म्हणून जुना गेला नाही. आपल्याकडेही पोर्तुगीज अमदानीत 'इस्पितळ' आले आणि इंग्रजी अमदानीत 'हॉस्पिटल' आले. मूळ शब्द एकच, वाटा दोन, आणि दोन्ही शब्द आजही मराठीत आहेत.

जुना 'शो' धर्माच्या आणि दीर्घ परंपरेच्या शब्दांत टिकून राहिला. 'इश्शो' म्हणजे उभा जन्म. 'तान्जो' म्हणजे जन्म होणे. येथे 'शो'चा आवाज मृदू होऊन 'जो' झाला आहे, आणि 'तान्जोबी' म्हणजे वाढदिवस. बौद्ध वाङ्मयात 'शो-रो-ब्यो-शी' अशी चार अक्षरांची जोडणी प्रसिद्ध आहे. तिचा अर्थ जन्म, जरा, व्याधी आणि मरण. भारतात उपजलेला हा विचार चिनी भाषांतरांतून जपानपर्यंत पोहोचला आणि त्यातील 'जन्म' या शब्दासाठी हेच कोंबाचे अक्षर वापरले गेले. नवा 'सेई' व्यवहाराच्या आणि विद्येच्या शब्दांत अधिक आढळतो. 'जिन्सेई' म्हणजे मानवी जीवन, 'सेईकात्सु' म्हणजे दैनंदिन जगणे, 'गाकुसेई' म्हणजे विद्यार्थी. परदेशी मनुष्य जपानमध्ये कोणताही सरकारी अर्ज भरायला बसला की 'सेईनेंगाप्पी' हा रकाना त्याच्यापुढे येतो. त्याचा अर्थ जन्माचे वर्ष, महिना आणि दिवस, म्हणजेच जन्मतारीख.

कुन उच्चारांची संख्या दहा असली तरी त्यांचे चार-पाच गट सहज पडतात. 'इकिरु' जगणे, 'इकासु' जगवणे, 'इकेरु' जिवंत ठेवणे हा एक गट. 'उमारेरु' जन्मणे, 'उमु' जन्म देणे हा दुसरा. 'हाएरु' उगवणे आणि 'हायासु' वाढू देणे हा तिसरा. गवत उगवते ते हाएरु आणि मनुष्य दाढी वाढवतो ते हायासु. 'ओउ' हे वाढण्याचे जुने क्रियापद, आज ते 'ओइताची' म्हणजे बालपणापासूनची जडणघडण अशा शब्दांत उरले आहे. अखेरीस कच्चेपणाची दोन विशेषणे: 'नामा' म्हणजे कच्चे, ताजे, आणि 'कि' म्हणजे अस्सल, काही न मिसळलेले. कच्चे अंडे ते 'नामातामागो'. कच्चे रेशीम ते 'किइतो'. आपणही त्याला कच्चेच म्हणतो. आणि आकाशवाणीच्या श्रोत्यांना मौज वाटेल असा शब्द म्हणजे 'नामाहोसो', शब्दशः कच्चे प्रसारण. आधी ध्वनिमुद्रित न करता त्याच क्षणी ऐकवलेला कार्यक्रम, असा त्याचा अर्थ आहे.

या दहांतून नेमका कोणता उच्चार करायचा हे वाचकाला कसे कळते? येथे जपानी लेखनाने एक सोपी युक्ती योजली आहे. क्रियापद लिहिताना अर्थाचा गाभा कांजीने लिहायचा आणि त्याचे शेपूट ध्वनी दाखवणाऱ्या 'काना' अक्षरांनी लिहायचे. या शेपटाला 'ओकुरिगाना' म्हणतात. कोंबाच्या अक्षरापुढे 'किरु' असले तर ते 'इकिरु', 'मारेरु' असले तर 'उमारेरु', आणि 'एरु' असले तर 'हाएरु'. शेपूट पाहिले की डोके ओळखू येते. ही युक्तीही आपल्याला नवी नाही. मराठीत आपण '१' लिहितो आणि 'एक' वाचतो. पण '१ला' लिहिले की त्याच आकड्याला 'पहिला' म्हणतो. 'एक' आणि 'पहि' यांचा ध्वनीने काडीचा संबंध नाही, तरी कोणताही मराठी मुलगा तेथे अडखळत नाही. '२रा' तो दुसरा, '४था' तो चौथा. 'ला', 'रा', 'था' ही आपली ओकुरिगानाच होय.

यावरून काही ढोबळ नियम हाती येतात. अक्षराला कानाचे शेपूट असेल तर कुन उच्चार करावा. ते दुसऱ्या कांजीला जोडून आले असेल तर बहुधा ओन उच्चार करावा, आणि त्यातही 'सेई' अधिक संभवतो. कच्च्या पदार्थाचे किंवा ताजेपणाचे वर्णन असेल तर 'नामा' आठवून पाहावे. परंतु हे नियम वाट दाखवतात, मुक्कामाची हमी देत नाहीत. कालवांच्या पाकिटावर अर्थ कच्च्याचाच आहे, पण तेथे उच्चार 'नामा' नसून 'सेई' आहे. कोंबाच्या अक्षरापुढे 'वस्तू' या अर्थाचे अक्षर आले की ती जोडी 'सेईबुत्सु' अशीही वाचता येते आणि 'नामामोनो' अशीही. पहिल्याचा अर्थ सजीव प्राणी किंवा वनस्पती, आणि शाळेतील जीवशास्त्राच्या विषयालाही हेच नाव आहे. दुसऱ्याचा अर्थ लवकर नासणारा कच्चा पदार्थ. पाठ्यपुस्तकावर ही जोडी दिसली तर एक उच्चार, मासळीच्या खोक्यावर दिसली तर दुसरा. प्रसंग ओळखल्यावाचून उच्चार ओळखता येत नाही.

येथेच बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांची चूक होते. ते कोश उघडतात, अक्षरापुढचे बारा उच्चार वहीत एकाखाली एक लिहितात आणि पाढ्यासारखे पाठ करतात. आठ दिवसांनी यादी तोंडपाठ असते, पण समोर वाक्य आले की जीभ अडते. कारण बारांतून एक निवडायचा कसा हे यादी सांगत नाही. जपानी मुलाचा मार्ग उलटा असतो. पहिल्या इयत्तेत येण्यापूर्वीच त्याने 'उमारेरु' हा शब्द धाकट्या भावंडाच्या जन्माच्या वेळी ऐकलेला असतो, 'नामातामागो' स्वयंपाकघरात ऐकलेला असतो आणि 'तान्जोबी' तर तो वर्षभर मोजत असतो. शब्द आधीच त्याच्या घरचे असतात. शाळेत त्यांना फक्त एक सामाईक अक्षर मिळते. त्याला बारा उच्चार शिकावे लागत नाहीत, बारा ओळखीचे शब्द एका छपराखाली आणावे लागतात.

परदेशी विद्यार्थ्याजवळ हे शब्द नसतात, म्हणून त्याने ते जाणूनबुजून मिळवावेत. प्रत्येक उच्चारासाठी एक शब्द आणि प्रत्येक शब्दासाठी एक छोटे वाक्य, असा क्रम ठेवावा. प्रारंभी 'इकिरु', 'उमारेरु', 'नामा', 'गाकुसेई' आणि 'तान्जोबी' एवढे पाच शब्द पुरेत. त्यांत दोन्ही ओन येतात आणि महत्त्वाचे कुनही येतात. बाकीचे उच्चार वाचनात भेटतील तेव्हा त्यांची ओळख करून घ्यावी. 'ओउ' वर्षभर भेटला नाही तर वर्षभर शिकू नये. आणि अनोळखी जोडशब्द आला तर आधी अर्थाचा तर्क करावा आणि मग उच्चारासाठी कोश पाहावा.

कोश पाहायचा तर अक्षर शोधायचे कसे, हा प्रश्न जुनाच आहे आणि त्याच्या इतिहासात गोव्याचेही एक पान आहे. युरोपला जाऊन आलेले चार जपानी तरुण परतीच्या वाटेवर गोव्यात थांबले होते. त्यांच्याबरोबर एक छापखाना होता आणि १५८८ साली त्यावर गोव्यात एक लॅटिन भाषणही छापले गेले. १५९० साली तो छापखाना जपानला पोहोचला. जेझुइट धर्मगुरूंच्या त्या छापखान्यातून १५९८ साली 'राकुयोशू' नावाचा कांजीचा कोश बाहेर पडला. त्याचे तीन भाग होते. एकात अक्षरे ओन उच्चाराने शोधता येत, दुसऱ्यात कुन उच्चाराने, आणि तिसऱ्यात अक्षराच्या आकृतीवरून. परक्या माणसाला कधी ध्वनी ठाऊक असतो, कधी अर्थ, तर कधी नुसता आकार, हे ओळखून केलेली ती मांडणी होती. आजचे कोशही या तीन दारांनीच उघडतात.

इतके करूनही एक प्रदेश असा उरतो की जेथे जपानी माणूससुद्धा निरुत्तर होतो. तो म्हणजे माणसांची नावे. 'पंख' या अर्थाचे अक्षर आणि त्यापुढे आपले कोंबाचे अक्षर, अशा दोन अक्षरांचे एक आडनाव आहे. २०१४ आणि २०१८ साली हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक मिळवणारे युझुरु हान्यू हे आडनाव याच अक्षरांनी लिहितात. १९९६ साली जपानी बुद्धिबळाचे, म्हणजे शोगीचे, सातही किताब एकाच वेळी मिळवणारे योशिहारु हाबु हेही आपले आडनाव त्याच दोन अक्षरांनी लिहितात. अक्षरे एक, उच्चार दोन: हान्यू आणि हाबु. अधिकृत यादीतील बारांत यांपैकी एकही उच्चार नाही. म्हणून जपानमध्ये नवी ओळख झाल्यावर 'आपले नाव कसे वाचायचे?' असे विचारणे हा अडाणीपणा मानला जात नाही. ते सौजन्य समजले जाते.

दीर्घकाळ जपानच्या कुटुंब-नोंदवहीत नावाची फक्त अक्षरे नोंदली जात; उच्चाराची नोंद नसे. कायद्यातील दुरुस्तीमुळे २६ मे २०२५ पासून नावाचा उच्चारही तेथे नोंदवला जाऊ लागला. अक्षर पाहून नाव कळत नाही, ते त्या माणसाकडूनच जाणून घ्यावे लागते, ही गोष्ट राज्यसंस्थेलाही अशा रीतीने मान्य करावी लागली.

उच्चार अक्षरात नसतो, तो शब्दात असतो. आणि शब्द माणसांत असतो. कांजी शिकणाऱ्याने हे एक सूत्र ध्यानी धरले तर बारा उच्चारांचे ओझे त्याला वाटणार नाही. मराठी वाचकाजवळ तर त्यांतील दोन आधीच जमा आहेत. फुलांच्या जपानी मांडणीला 'इकेबाना' म्हणतात हे अनेकांना माहीत असते. त्यातील 'इके' म्हणजे जिवंत ठेवणे, आणि ते याच अक्षराने लिहितात. कराटेच्या वर्गात जाणारी मुले आपल्या शिक्षकाला 'सेन्सेई' म्हणून हाक मारतात. त्यातील 'सेन' म्हणजे आधी आणि 'सेई' म्हणजे जन्मलेला. जो आपल्या आधी जन्मला तो शिक्षक. आणि विद्यार्थी तो 'गाकुसेई', म्हणजे शिकत असलेला जीव. वर्गातील टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे असलेल्या दोघांच्याही नावात तोच पाच रेघांचा कोंब आहे. एक थोडा आधी उगवला आहे, एवढेच.